खालच्या वाफ्याचा पहिला शब्द

एका डोंगरावर एक शहर होतं आणि त्याच डोंगराच्या पायथ्याला, खाडीच्या काठी, एक गाव होतं. शहराचं नाव काचपूर आणि गावाचं नाव खारवाडी. दोघांच्या डोक्यावर आकाश मात्र एकच होतं, आणि या गोष्टीतलं सगळं भांडण त्यामुळेच झालं.

काचपुरात काच बनायची. तिथल्या भट्ट्या राजाच्या पणजोबांच्या काळापासून रात्रंदिवस पेटलेल्या होत्या. आरसे, झुंबरं, बांगड्या, अत्तराच्या कुप्या असा माल देशोदेशी जायचा आणि काचपूर गब्बर होत जायचं. भट्ट्यांची धग मात्र कुठे गेली नाही. ती हवेत साठत राहिली. डोंगरावर वारं खेळतं, त्यामुळे काचपूरकरांना ती बरीच वर्षं जाणवलीच नाही. खारवाडीला ती आधीपासून जाणवत होती, पण खारवाडीचं कोण ऐकतो?

खारवाडी मिठावर जगायची. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, वाफ्यांत पसरायचं, उन्हावर सोडून द्यायचं आणि खाली बसलेलं मीठ फावड्याने ओढून काढायचं, हा तिचा पिढीजात धंदा. बांधाला लाकडी फळीचं एक दार होतं. त्याला उघाडी म्हणत. दोरी ओढली की फळी वर जायची आणि खाडीचं पाणी आत शिरायचं. वाफे अनेकांचे, पण उघाडी एकच. म्हणून गावाने एक रीत घालून दिली होती. उघाडीची दोरी कुणीही एकट्याने ओढायची नाही. सगळ्यांनी बांधावर जमायचं, आणि ज्याचा वाफा सगळ्यांत खाली असेल त्याने सगळ्यांत आधी बोलायचं. कारण पाणी आधी त्याच्या वाफ्यात शिरणार, आणि तिथे मीठ बसलेलं असलं तर ते विरघळून जाणार. तो ‘ओढा’ म्हणाला की मग वरचे एकेक जण बोलत. तो ‘नको’ म्हणाला की गावचा पाटीलसुद्धा मुकाट्याने घरी जाई.

त्या काळी सगळ्यांत खालचा वाफा नवशाबाईचा होता. बाई अंगाने किरकोळ, पण जिभेने कुणाला हार जाणारी नव्हती. तिचा नवरा त्याच वाफ्यात, हातात फावडं असताना, उन्हाने कोसळला होता. सुनेची पहिली दोन लेकरं उन्हाळा सरायच्या आत गेली होती. तुम्हाला वाटेल, ऊन वाढलं तर मीठवाल्यांचं भलंच झालं असेल. झालंही होतं थोडं. मीठ भराभर बसायचं. पण ते ओढायला माणूस पायावर उभं राहायला हवं ना? वाफ्यातल्या पाण्याने तळपाय भाजायचे, आणि माणसं भर दुपारी बांधावर आडवी व्हायची ती पुन्हा उठायची नाहीत.

मग एका वर्षी काचपुरातलंही वारं पडलं. राजा रत्नशेखराच्या मेजवानीत एक परदेशी पाहुणा भरल्या ताटावरच भोवळ येऊन पडला. त्या दिवसापासून उष्मा हा राज्यापुढचा मोठा प्रश्न झाला. खारवाडीत माणसं मरत होती तोवर तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा प्रश्न होता.

राजाने प्रधानाला उपाय विचारला. प्रधान हुशार होता, पण फार भित्रा. त्याने खाली मान घालून खरा उपाय सांगितला, की निम्म्या भट्ट्या विझवाव्यात. राजाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की प्रधानाने घाईघाईने दुसरा उपाय काढला. डोंगराच्या माथ्यावर उंच मनोरा बांधायचा. त्यात मोठमोठे भाते बसवायचे. त्या भात्यांनी चुन्यासारखी पांढरी, अगदी बारीक भुकटी आकाशात फुंकायची. ती वर तरंगत राहील आणि ऊन चाळणीतून आल्यासारखं खाली उतरेल. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. भुकटी धग फक्त झाकेल, भट्ट्या पेटत्या राहिल्या तर धग वाढतच जाईल, आणि कधी भाते थांबले तर झाकलेली सगळी धग एकदम अंगावर येईल. राजा हसला. म्हणाला, भात्यांची दोरी माझ्याकडे असताना ते थांबवणार कोण? दरबारही हसला.

मनोरा उभा राहिला. खारवाडीला कुणी काही विचारलं नाही. डोंगराच्या अर्ध्यावर माळवाडी नावाचं नाचणी पिकवणाऱ्या लोकांचं गाव होतं, त्यालाही विचारलं नाही. भात्यांची दोरी ओढायला माणसं लागणार होती, तेवढी मात्र माळवाडीतून बोलावली. बुधा नावाचा एक धिप्पाड गडी त्यांचा म्होरक्या झाला.

उपाय लागू पडला. खोटं कशाला सांगायचं? आकाश दुधट झालं आणि उन्हाची धार बोथट झाली. माळवाडीची नाचणी पूर्वी कोंबातच करपायची, ती आता कमरेइतकी वाढली. खारवाडीत दुपारी लोक डोळा लावू लागले. नवशाबाईच्या सुनेला तिसरं लेकरू झालं, मुलगी, मैना तिचं नाव, आणि ती उन्हाळा पार करून रांगायला लागली. नवशाबाई तिला कडेवर घेऊन बांधावर उभी राहायची आणि त्या दुधट आकाशाकडे बराच वेळ बघत राहायची. तिच्या मनात राग नव्हता, उपकाराची भावना होती, आणि तिला ती लपवावीशीही वाटत नव्हती.

पण वाफ्यात मीठ बसेना. पाणी नुसतं पडून राहायचं. जे थोडं बसायचं ते बिनमोसमी सरी येऊन धुऊन न्यायच्या, कारण भुकटीने पावसाचंही वेळापत्रक बिघडवलं होतं. मिठाच्या टोपल्या घेऊन बायका बाजाराला जायच्या आणि बदल्यात धान्य आणायच्या, त्या आता रिकाम्या टोपल्या घेऊन घरी बसल्या. मासळी वाळायच्या ऐवजी कुजायला लागली. जगलेल्या लेकरांना खायला काय घालायचं, हा नवा पेच गावापुढे उभा राहिला.

आणि काचपूर? गार वारं परत आल्यावर भट्ट्या विझवण्याचं कारणच उरलं नाही. उलट त्या वाढवल्या. भट्ट्या वाढल्या म्हणून भुकटी वाढवली. श्रीमंतांनी जाड भिंती पाडून काचेच्या भिंती उभारल्या, कौलं उतरवून काचेची छपरं घातली. झाडं तोडून अंगणात काचेचे मंडप केले. इतकं देखणं शहर दुसरीकडे कुठे नाही, असं ते एकमेकांना सांगत.

खारवाडीतले तरणे गडी चिडले. चला, वर जाऊ आणि भात्यांच्या दोऱ्या कापून टाकू, असं ठरवून ते कोयते घेऊन निघाले. नवशाबाई वाटेत आडवी झाली.

"माळवाडीची नाचणी त्या सावलीवर उभी हाय," ती म्हणाली. "त्यांना न विचारता दोरी कापली, तर राजात आणि आपल्यात फरक काय?"

गडी थांबले. कुणाला ते आवडलं नाही, पण ते परत फिरले. या गोष्टीची आणि खारवाडीच्या रीतीची बाजारात चर्चा झाली आणि ती तिथून माळवाडीत बुधाच्या कानावर गेली. तो दोरी ओढता ओढता विचार करत राहिला.

नवशाबाईने आणखी एक हट्ट धरला. उन्हाच्या आसऱ्याला बांधलेले माडाच्या झावळ्यांचे मांडव कुणी मोडायचे नाहीत, गोणपाट भिजवून दाराला लावायची सवय सोडायची नाही आणि पहाटेच कामाला उतरायचं. लोक तिला हसले. एवढी छान सावली असताना ही म्हातारी अजून उन्हाचीच तयारी करत बसते, म्हणाले. ती म्हणायची, सावली आपल्या मालकीची नाही, उसनी आहे. पोरं कुरकुरत का होईना, मांडवांवर नव्या झावळ्या टाकत राहिली.

एके दिवशी राजाची स्वारी खारवाडीत आली. कशाला? आभार मानून घ्यायला. बांधाजवळ व्यासपीठ घातलं होतं. भाटाने मोठ्या आवाजात सांगितलं की महाराजांनी श्रीमंत पाहिला नाही, गरीब पाहिला नाही, सर्वांना सारखी सावली दिली, आणि मग गावाला आभाराचे दोन शब्द बोलायची आज्ञा झाली.

गाव गप्प बसलं. राजाला वाटलं, बिचारे भारावून गेलेत. पण तसं काही नव्हतं. बांधावर जमल्यावर कुणी आधी बोलायचं, ते ठरलेलं होतं. सगळे नवशाबाईकडे बघत होते. ती मैनाला सुनेकडे देऊन पुढे आली.

"महाराज, सावली चांगली हाय," ती म्हणाली. "माझी नात तिच्यामुळं जगली, हे मी कुणापुढंही सांगेन. पण धग तुमच्या भट्टीची होती आणि ऊन आमच्या वाफ्यातलं. तुमी धग ठेवलीत आणि ऊन नेलंत."

राजाच्या कपाळावर आठी पडली. तरी त्याने मोठेपणा दाखवला. दरसाल खारवाडीला काचपुराच्या कोठारातून धान्य मिळेल, असं त्याने जाहीर केलं. पाटलाने सुटकेचा श्वास टाकला. नवशाबाईने नकाराची मान हलवली. दाणे तुम्ही आज द्याल, उद्या देणार नाही, असं ती सरळ म्हणाली. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. भट्ट्या कमी करायच्या, आणि आकाशात किती भुकटी फुंकायची ते खारवाडीच्या आणि माळवाडीच्या माणसांना विचारून ठरवायचं.

राजा उभा राहिला. "आकाशाची दोरी मी मीठवाल्यांच्या हातात देऊ?"

"तुमच्या हातात कुणी दिली?" नवशाबाईने विचारलं.

आजवर राजाला कुणी असं काही विचारलं नव्हतं, आणि त्याला उत्तर येत नव्हतं. उत्तर न येणाऱ्या मोठ्या माणसाला राग लवकर येतो. त्याने तिथेच हुकूम सोडला, की ही बाई राजवाड्याच्या पायरीवर डोकं टेकवून माफी मागत नाही तोवर भाते बंद. प्रधान हात जोडून काहीतरी सांगू लागला. राजाने त्याला ढकलून दिलं आणि पालखी वर निघाली.

भाते थांबले. भुकटी हळूहळू खाली बसली, आकाश निळं झालं, आणि इतकी वर्षं झाकून ठेवलेली धग एकदम कोसळली. जुनं ऊन बरं म्हणावं असं ते ऊन होतं. खारवाडीने मांडवांत आसरा घेतला, दारांना ओली गोणपाटं लावली, पहाटेचं काम पहाटेच उरकलं. ज्यांनी म्हातारीची टिंगल केली होती ते तिच्याच मांडवात दाटीवाटीने बसले. तरी शेळ्या मेल्या, माडांची पानं करपली. मैनाला ताप चढला.

सून नवशाबाईपुढे येऊन बसली. तिचे डोळे रडून सुजले होते. "दोन गेली माझी," ती म्हणाली. "तुमी एकदा वाकलात तर काय व्हईल, आत्याबाई?"

नवशाबाईला भरून आलं. नातीसाठी ती राजाच्या काय, त्याच्या घोड्याच्याही पाया पडली असती. तिला हट्टाची हौस नव्हती. पोरीचं तापलेलं कपाळ तिने हाताने चाचपलं.

"आज मी वाकले तर सावली येईल," ती म्हणाली. "मग उद्या हिला वाकावं लागंल. परवा हिच्या लेकरांना. दर उन्हाळ्याला त्यो दोरीला हात लावून आपल्याकडं बघंल. मला हिला नुसती जगवायची नाय गं. मान वर करून जगवायची हाय."

मग सुनेनेच गोणपाट भिजवून आणलं आणि त्यात मैनाला गुंडाळून सासूच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नवशाबाई नातीला घेऊन, माफी मागायला नव्हे तर आपलं मागणं पुन्हा मांडायला, डोंगर चढू लागली. तिच्यामागे सून, आणि सुनेमागे अख्खी खारवाडी. वेशीवरच्या पहारेकऱ्यांना वाटलं की बाई पाया पडायला आली, म्हणून त्यांनी आनंदाने दार उघडलं.

आत काचपुराची दैना झाली होती. काचेच्या छपरांखाली घरं भट्टीसारखी तापली होती. जाड भिंती पाडून टाकल्या होत्या, झाडं तोडली होती, आणि उन्हात कसं जगायचं ते तिथे कुणाला माहीतच नव्हतं. सुंदर सुंदर भिंती तडकून रस्त्यात पडत होत्या. शेठ आणि सरदार धान्याच्या तळघरात उंदरांशेजारी बसले होते. त्या ढिगाऱ्यापलीकडे भट्ट्या मात्र अजून पेटलेल्या होत्या. त्या विझवायचं तिथे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

राजाने माफीची वाट बघणं केव्हाच सोडून दिलं होतं. भाते सुरू करा, असा निरोप त्याने मनोऱ्यावर पाठवला होता. निरोप घेऊन गेलेला शिपाई हात हलवत परत आला. मग डोक्यावर ओला पंचा टाकून राजा स्वतः, प्रधान आणि शिपायांना घेऊन, मनोऱ्याशी गेला. बुधा आणि त्याचे गडी दोरीशेजारी मांडी घालून बसले होते.

"दोरी ओढायला आमची ना नाय, महाराज," बुधा शांतपणे म्हणाला. "आमची नाचणीबी करपाय लागली. पण खालचा वाफा अजून बोलला नाय."

राजाने शिपायांना दोरीवर घातलं. गार वाऱ्यात सोकावलेले ते शिपाई चार हिसके देऊन भिंतीला टेकले. राजाने माळवाडी जाळायची धमकी दिली. बुधा म्हणाला, उन्हाने ती तशीही जळतेच आहे, तुम्ही कशाला तसदी घेता? तेवढ्यात खारवाडीची माणसं वर पोचली. बुधाने उठून नवशाबाईला वाट करून दिली. मावशी, बोल, एवढंच तो म्हणाला.

नवशाबाई राजासमोर उभी राहिली. कडेवर मैना होती, ती ग्लानीत होती. त्या क्षणी बाईला काय वाटत होतं ते कुठल्याही आईला विचारा. ‘ओढा’ हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला.

"आधी भट्ट्या," ती म्हणाली.

राजाने इकडेतिकडे पाहिलं. शिपाई भिंतीला टेकलेले. सरदार तळघरात. भाट तर कुठे दिसेचना. दोरी त्याच्या हातभर अंतरावर होती, पण ती ओढणारे हात त्याचे नव्हते, आणि हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्याने नुसती होकाराची मान हलवली. प्रधानाने मात्र राजाची मान पुरती हलायची वाट पाहिली नाही. धोतराचा काचा मारून तो भट्ट्यांकडे धावत सुटला. खारवाडीचे गडी त्याच्यामागे धावले. निम्म्या भट्ट्यांवर राख आणि वाळू पडली, आणि मनोऱ्यावरून त्यांचा धूर थांबलेला सगळ्यांना दिसला.

मग नवशाबाईने सांगितलं, "ओढा. पण सबुरीनं, जितकी लागंल तितकीच." आणि मैनाला एका हाताने सावरून दुसरा हात तिने स्वतः दोरीला लावला. माळवाडीने ओढलं, खारवाडीने ओढलं. राजाही मधे कुठेतरी दोरी धरून उभा होता, असं सांगतात. ऊन उतरायला लागलं. मैनाने दुपारनंतर डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

त्यानंतर दरवर्षी मिठाच्या हंगामाआधी सगळे खारवाडीच्या बांधावर जमू लागले. आधी सगळ्यांत खालचा वाफा बोलायचा, मग वरचे वाफे, मग माळवाडी. त्यावरून किती भट्ट्या विझवायच्या आणि किती भुकटी फुंकायची ते ठरायचं. काही वर्षी खारवाडीने माळवाडीसाठी कमी मिठावर भागवलं, काही वर्षी माळवाडीने खारवाडीसाठी उन्हं सोसली. भांडणं पुष्कळ झाली. एकदा बुधा रुसून निम्म्या वाटेवरून परत गेला होता, त्याला समजावून आणावं लागलं. पण भट्ट्या दरवर्षी कमी झाल्या, भुकटी हळूहळू उतरत गेली आणि मीठ पुन्हा बसू लागलं.

राजालाही बांधावर यावं लागायचं. पहिल्या वर्षी त्याच्या जोड्यांना चिखल लागला आणि तो सगळ्यांआधी बोलायला उभा राहिला. नवशाबाईने त्याला हाताने खाली बसायला सांगितलं.

"बसा महाराज," ती म्हणाली. "तुमी सगळ्यांत उंचावर राहता. तुमची पाळी शेवटी."

राजा बसला, आणि आपली पाळी येईपर्यंत ऐकत राहिला.

तात्पर्य: आकाश सगळ्यांचं असतं, म्हणून आकाशाची दोरी एकट्याने ओढायची नसते. ज्याने धग केली त्याने आधी भट्टी विझवावी, आणि जो सगळ्यांत खाली राहतो त्याने पहिला शब्द बोलावा. त्याला बोलू दिलं नाही, तर त्याने मान खाली न घालता तो शब्द मागून घ्यावा.